उजव्या बगलेत खेळणाऱ्या तुमच्या नातवाविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

नातवाचा फुटबॉलचा सामना पाहून तुम्ही कोल्हापूरला परतलात, तेव्हापासून तुम्हा दोघांच्या मनात काहीतरी सलते आहे हे मला जाणवते. आई, तू विचारलेस की एवढे करून पुढे काय; आणि बाबा, तुम्ही विचारलेत की डाव्या पायाच्या पोराला उजव्या बगलेत, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेला, उभे करण्यात कसले शहाणपण आहे. फोनवर मला दोन्हींचे धड उत्तर देता आले नाही. दोन्हींचे उत्तर लालियनझुआला छांगते या एकाच खेळाडूच्या कारकिर्दीत सापडते आणि ती सांगायला निवांतपणा हवा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाबा, शाहू स्टेडियमवर आयुष्यभर सामने पाहिलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न आहे, तेव्हा आधी तोच घेते. तुम्ही पाहत आलात तो विंगर रेषेच्या कडेने पळत शेवटपर्यंत जाई आणि तिथून गोलसमोर आडवा पास, म्हणजे क्रॉस, टाकी. त्या कामाला उजवीकडे उजव्या पायाचाच गडी हवा, हे तुमचे म्हणणे रास्त आहे. आता पुष्कळ प्रशिक्षक उलटे करतात, कारण डाव्या पायाचा खेळाडू उजवीकडून आत वळला की बॉल आपोआप त्याच्या भरवशाच्या पायावर येतो आणि गोल समोर दिसतो, तर हा बाहेरून जाणार की आत शिरणार हे बचावपटूला शेवटपर्यंत उमगत नाही. मुंबई सिटी या क्लबकडून खेळताना छांगतेने हेच केले. अंधेरीच्या मैदानावर कडेच्या रांगेत बसून मी त्याला पाहिले आहे. बॉल डावीकडे असतो तेव्हा तो उजव्या रेषेला टाचा लावून उभा असतो, मान सारखी वळवून आपला बचावपटू किती आत सरकला ते बघत असतो, आणि मिनिटेच्या मिनिटे त्याच्या वाट्याला बॉल येत नाही. मग पलीकडच्या टोकाहून लांब पास येतो. पहिल्या स्पर्शाने तो बॉल किंचित बाहेर ढकलतो, बचावपटूचा तोल त्या बाजूला गेला की दुसऱ्याच स्पर्शात तो आत ओढतो, आणि समोरचा माणूस वळेपर्यंत डाव्या पायाचा फटका सुटलेला असतो. आपले पोर त्या दिवशी रेषेवर नुसते उभे होते असे तुम्हाला वाटले, पण ते तिथे उभे होते म्हणूनच समोरच्या संघाचा एक गडी त्याच्यापाशी अडकला आणि मधल्या मुलांना मोकळी जागा मिळाली.

याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगमधले बहुतेक क्लब मधला आघाडीपटू परदेशातून आणतात. २०२१-२२ च्या हंगामापासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू असू शकतात, तरी त्यांतला एक बहुधा गोलपुढेच असतो. म्हणून गोल करण्याची भूक असलेल्या भारतीय मुलाला आघाडीत जागा मिळते ती प्रामुख्याने बगलेत.

आता छांगतेची वाटचाल सांगते, कारण आईच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. त्याचा जन्म १९९७ चा, मिझोरममधल्या लुंगलेईचा, पण त्याच्या जडणघडणीतली महत्त्वाची वर्षे आपल्या पुण्यातल्या डीएसके शिवाजियन्स या क्लबच्या अकादमीत गेली. डिसेंबर २०१५ मध्ये, अठराव्या वर्षी, तिरुवनंतपुरमला सॅफ या दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत नेपाळविरुद्ध भारताकडून खेळताना त्याने दोन गोल केले. त्या वेळी कोणालाही वाटले असते की हा मुलगा वर्ष-दोन वर्षांत देशाचा आघाडीचा खेळाडू होणार. तसे झाले नाही. नॉर्थईस्ट युनायटेड, दिल्ली डायनॅमोज, नॉर्वेतल्या वायकिंग क्लबकडे सरावासाठी एक फेरी, मग चेन्नईयिन, असे त्याचे मुक्काम बदलत राहिले. तो वेगवान होता हे सगळेच मान्य करीत, पण शेवटचा पास आणि शेवटचा फटका कच्चा आहे असेही सगळेच म्हणत. २०२० च्या मार्चमध्ये चेन्नईयिनबरोबर तो आयएसएलच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि तिथे हरला. २०२२ च्या जानेवारीत तो मुंबईला आला, आणि २०२२-२३ च्या हंगामात साखळी फेरीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळणारी लीग शील्डही मुंबईची झाली आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉलही त्यालाच मिळाला. नेपाळविरुद्धच्या त्या दोन गोलांना तेव्हा सात वर्षे उलटून गेली होती. ही मधली वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण वेग उपजत असतो, पण पळता पळता मान वर करून योग्य माणूस शोधण्याची सवय अशा वर्षांतच अंगी बाणते.

बाबा, २४ एप्रिल २०२४ चा गोव्यातल्या फातोर्ड्याचा सामना तुम्ही जरूर मिळवून पाहा. आयएसएलच्या उपांत्य फेरीच्या त्या पहिल्या सामन्यात एफसी गोवा नव्वदाव्या मिनिटाला २-० असा पुढे होता. त्या मिनिटाला छांगतेने एक गोल केला, लगेच विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत छांगतेनेच तिसरा मारला. मे महिन्यात मुंबईने कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला ३-१ ने हरवून चषकही नेला. त्यानंतर जूनमध्ये दोह्यात कतारविरुद्ध विश्वचषक पात्रता सामन्यात पहिला गोलही त्याचाच होता. पुढे कतारने बरोबरी साधली ती बॉल रेषेबाहेर जाऊन परत आत ओढला गेला असताना, आणि अखेर भारत १-२ असा हरून बाहेर पडला. त्याचा मला आजही संताप येतो.

आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव तर तुमच्या डोळ्यांसमोरचा. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापर्यंत आणि तिथून आयएसएलपर्यंत तो गेला, आणि आयएसएलमध्ये तोही बगलेत खेळला. कोल्हापुरातून पुढे जाता येते हे त्याच्यामुळे मला कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

आई, या वाटेतले धोके मी तुझ्यापासून लपवणार नाही. विंगरला सतत सुसाट पळावे लागते, त्यामुळे मांडीमागचा स्नायू फाटण्याची भीती कायम असते, आणि तिशीनंतर वेग ओसरू लागतो. शिवाय २०२५ च्या जुलैमध्ये आयोजक आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार संपत आल्यामुळे आयएसएलचा पुढचा हंगामच स्थगित झाला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, आणि ज्यांनी शाळा-कॉलेज मागे सोडले होते त्या मुलांचे काय हा प्रश्न त्या महिन्यांत मलाही छळत होता. म्हणूनच आम्ही दोघांनी असे ठरवले आहे की तो दहावीची परीक्षा नेहमीच्या शाळेतून देईल, सकाळचा सराव संपवून वर्गात बसेल आणि बारावीपर्यंत यात तडजोड होणार नाही. त्यानेही ते मान्य केले आहे, मात्र दहावीसाठी खेळ सोडवू नका एवढेच त्याने मागितले, आणि ते मला नाकारता येत नाही.

तुम्हा दोघांकडे माझे एक मागणे आहे. रविवारी फोनवर त्याला गोल किती केलेस असे पहिल्यांदा विचारू नका. तो उत्तर देतो, पण नंतर बराच वेळ गप्प असतो. बाबा, तुम्ही त्याला बचावपटूला कितीदा चकवलेस, पास कोणाला दिलास, बॉल गेल्यावर मागे धावलास का, असे विचारा, कारण असे प्रश्न आमच्या घरात तुमच्याइतके नेमके दुसऱ्या कोणाला विचारता येणार नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत त्याचे दोन सामने आहेत. महालक्ष्मी एक्स्प्रेसचे आरक्षण मी येथून करून ठेवते. तुमच्या गुडघ्यांसाठी खालचे बर्थ मिळतील असे पाहीन. आईने भडंग आणावे, मात्र यंदा तिखट कमी घालावे, कारण त्याच्या संघातली मुलेही त्यावर तुटून पडतात.

तारीख नक्की झाली की कळवा.

तुमची लेक