अर्ज याच महिन्यात भरतेय

ती. आई आणि ती. बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर विषय निघाला आणि बाबा, तुम्ही "बघ बाई, तुझं तू ठरव" म्हणून फोन आईकडे दिलात. आईने मग गवारीची भाजी, पाण्याची मोटर, शेजारच्या काकूंचा गुडघा, सगळं सांगितलं. त्या विषयावर मात्र एक अक्षर नाही. फोनवर मला या गोष्टी धड बोलता येत नाहीत, लगेच घसा दाटून येतो. म्हणून लिहिते आहे.

ठरलंय. कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज मी याच महिन्यात भरते आहे.

आई, तू मागे विचारलं होतंस, "पी.आर. आहे ना, मग घाई कसली?" पी.आर., म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, आहेच. घाईही नाही गं, पण वेळेचं गणित आहे. अर्जाच्या तारखेपासून मागे पाच वर्षं मोजतात आणि त्यात 1,095 दिवस, म्हणजे तीन वर्षं, आपण प्रत्यक्ष या देशात काढलेले असावे लागतात. पी.आर. मिळायच्या आधी मी शिकायला आणि नोकरीला इथे होते ते दिवस अर्धे धरतात, तेही जास्तीत जास्त 365. बडोद्याला आले की ते दिवस गेले. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस तेवढा पदरात पडतो. जितकं थांबावं तितके ते जुने अर्धे दिवस पाच वर्षांच्या बाहेर जातात. आज माझे दिवस भरलेत आणि वर थोडे राखूनही ठेवलेत, म्हणजे एखादी तारीख इकडची तिकडे झाली तरी अर्ज अडायला नको.

फॉर्ममध्ये देशाबाहेरच्या प्रत्येक प्रवासाची तारीख आणि कारण लिहायचं असतं. पासपोर्टचे शिक्के बघत बसले होते. बाबांची बायपास. आजीचं तेरावं. दादाचं लग्न. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी नुसतं "कुटुंब" लिहिलं आणि बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिले. ऑगस्ट 2024 ची ओळ त्यात नाही. विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं, तुम्ही दोघं वरच्या काकांकडे, लाइट गेलेली, फोन बंद पडत आलेला, आणि मी इथे रात्रभर माझ्या फोनवर तुमच्या नावाशेजारी हिरवा ठिपका दिसायची वाट बघत होते. विमानतळावरून घरापर्यंत पोचताच आलं नसतं, हे तुम्हीच मला समजावलंत. पटलं, तरी ते चार दिवस मनातून जात नाहीत.

आणि खरं सांगू का, हा अर्ज त्याच्यासाठीच आहे. पी.आर.वाल्याला कुठल्याही पाच वर्षांत 730 दिवस इथे असावंच लागतं, नाहीतर पी.आर. धोक्यात येतो. म्हणजे उद्या तुमच्यापैकी कुणाला माझी गरज लागली आणि मी वर्षानुवर्षं तिथे राहायचं म्हटलं, तर उशाशी कॅलेंडर घेऊन बसावं लागेल. नागरिक झाले की इकडचं कुणी दिवस मोजत नाही. तिकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, मिळालं की जन्मभर व्हिसा नको, कितीही राहिले तरी पोलिसांत नोंद नको. बाबा, कागदावर मी परकी होईन, मला माहीत आहे. पण तुमच्या पलंगाशेजारी हवे तितके महिने बसायची मोकळीक मला त्याच कागदाने मिळणार आहे.

भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की आपलं संपतं, दोन्ही ठेवता येत नाहीत. मतही देता येणार नाही, आणि हे मला सगळ्यांत जास्त लागतंय. माझ्या पहिल्या मतदानाला तुम्ही मला सकाळी सातच्या आधी रांगेत उभं केलं होतंत, इस्त्रीचा कुर्ता घालून. बोटावरची शाई मी आठवडाभर जपून धुतली होती.

घराचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी हा विषय काढलाच नसता. ओसीआय असलेल्याला राहतं घर विकत घेता येतं, वारशाने मिळतं. शेतजमीन तेवढी विकत घेता येत नाही, ती आपल्याला घ्यायचीही नाही. तुम्ही शंभर वर्षं त्या घरात राहायचंय, बस.

आता राजाचं. नागरिकत्वाच्या शपथेत इथल्या राजाचं, तिसऱ्या चार्ल्सचं, नाव घ्यावं लागतं, हे ऐकून तुम्ही एकदम गप्प झालात ते मला कळलं. कमाटीबागेत दर रविवारी मला खांद्यावर बसवून तुम्ही 1911 च्या दिल्ली दरबाराची गोष्ट सांगायचात: सगळे राजे पंचम जॉर्जपुढे वाकत होते आणि आपले सयाजीराव एकदाच मान लववून, पाठ फिरवून चालते झाले. हा चार्ल्स त्याच जॉर्जचा पणतू. बाबा, ती गोष्ट मी विसरलेले नाही. पण इथला राजा घटनेने बांधलेला आहे, आणि त्याच शपथेत देशाचे कायदे पाळायचे, इथल्या मूळ रहिवाशांचे हक्क मानायचे, हेही येतं. ते मी मनापासून म्हणू शकते. आणि ज्या महाराजांनी पाठ फिरवली, त्यांनीच 1913 मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, हेही तुम्हीच मला सांगितलंत.

आपले खापरपणजोबा साताऱ्याहून गायकवाडांच्या चाकरीला बडोद्यात आले. आपण तिथे शाळेत गुजराती शिकलो, उत्तरायणाला पतंग उडवले, शेव-उसळ खाल्ली, नवरात्रात गरबा केला. आणि दांडिया बझारच्या घरात इतक्या पिढ्यांनी आरत्या मराठीतच म्हटल्या, पुरणपोळी मराठीच राहिली. तुम्हाला कुणी कधी सातारा सोडल्याचा जाब विचारला नाही. मलाही तेवढीच सवलत द्या ना. माझ्याही घरात गणपती दीड दिवसाचा बसतो आणि मोदकाला हातवळणीच्या कळ्या येतात. आईइतक्या नाजूक नाहीत, पण येतात.

मी इथे सुखात आहे, त्याची काळजी करू नका. विनिपेगची थंडी बाहेर उणे तीसपर्यंत जाते, पण घरात हीटिंग असतं, मी सुती कुर्त्यात वावरते. ज्वारीचं पीठ मिळतं, गोडा मसाला आईचाच चालू आहे. नागरिकत्वासाठी एक परीक्षा आहे, वीस प्रश्न, पंधरा बरोबर यायला हवेत. अभ्यासाचं पुस्तक सरकार फुकट देतं. रोज रात्री जेवणानंतर वाचते, दहावीला वाचायचे तशी, मोठ्याने.

आता एकच अडचणीची गोष्ट आहे, ती लपवत नाही. शपथ झाल्यावर भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. इथला पासपोर्ट हातात यायला आणि मग ओसीआय व्हायला वेळ जातो. त्या मधल्या दिवसांत मला व्हिसा काढूनच यावं लागेल, पटकन बॅग उचलून निघता येणार नाही. म्हणूनही आत्ताच. बाबांचे रिपोर्ट चांगले आहेत, आईचे डोळे झालेत, दादा पुण्यात आहे आणि त्याच्याशी मी बोलले आहे; तेवढे दिवस तो महिन्यातून एकदा बडोद्याला येईल. आणि अर्ज टाकल्यावर शपथेपर्यंत बाहेर जायला हरकत नसते, फक्त परीक्षेची आणि शपथेची वेळ सांभाळायची. म्हणून डिसेंबरात मी येते आहे. कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा, किती दिवस गेले ते न मोजता. उंधियूच्या दिवसांत येते, आई, आणि तू मला काहीही करायला लावायचं नाहीस.

तुम्हाला इकडे बोलवायला माझं नागरिकत्व लागत नाही, आईवडिलांसाठीचा सुपर व्हिसा पी.आर.वरही मिळतो, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. फक्त एक लाख डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो, तो मी बघेन. तुम्ही फक्त हो म्हणा. मे ते सप्टेंबर या, अंगणात तुळस लावून देते.

तोवर मी सांगते ते ऐकायचं. बाबा, माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही, पोरगा बोलवायचा आणि पन्नास रुपये द्यायचे. रक्त पातळ करायची गोळी तुम्ही "बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनाने बंद केलीत तर मी डॉक्टरांना फोन करेन. आई, शुगरची वही लिहायची, चतुर्थीलासुद्धा. न्हाणीघरात दांडा बसवून घ्या, मिस्त्री दादाने सांगून ठेवलाय, "पुढच्या महिन्यात" नको. पावसाळा आहे तोवर पासबुकं, घराची कागदपत्रं, औषधांची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून काकांकडे वर ठेवा.

आणि एक काम. माझा जुना, मुदत संपलेला पासपोर्ट गोदरेजच्या कपाटात, शालूखालच्या डब्यात आहे. या अर्जाला मागच्या पाच वर्षांतले सगळे पासपोर्ट दाखवावे लागतात. बाबा, त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठवाल? कोरी पानंसुद्धा. पंखा बंद करून, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा. राग असेल तर असू दे, पण शुक्रवारपर्यंत पाठवा.

तुमची,
मनू

ता. क. आई, चिवड्याचं कुरियर या खेपेला करू नकोस, पैसे फार लागतात. डिसेंबरात मीच घेऊन जाईन.