शिवणीतली माया

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. बिलावर दुकानाचं नाव आहे, तुमचं नाही. गेल्या रविवारी मुलाला घेऊन मुद्दाम ग्रँट रोडला उतरले, लॅमिंग्टन रोडवरचं तुमचं कॉम्प्युटरचं दुकान शोधून काढलं, तर काउंटरवर दुसराच मुलगा उभा. तुम्ही नोकरी सोडून गावी गेलात, एवढंच तो म्हणाला. गाव कुठलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून हे असं सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. कुणाच्या तरी मार्फत तुमच्यापर्यंत पोचेल.

मी बदलापूरची, ब्लाउज शिवते. 2023 च्या डिसेंबरात तुमच्याकडे आले होते. बरोबर अकरावीतला मुलगा, मोठ्या पिशवीत बंद पडलेला सीपीयू आणि पर्समध्ये 42 हजार रुपये. त्यातले 36 हजार भिशीचे, 6 हजार मुलाने सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात बसून मिळवलेले.

तो बंद सीपीयू आमच्या इथल्याच एका दुकानातून वर्षभरापूर्वी 24 हजारांना घेतला होता. ‘आय-सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम आहे, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, कुठलाही गेम चालेल,’ असं सांगून दिलेला. पुढे लाल-निळे पंखे फिरत होते. आम्हाला काय कळणार? आय-सेव्हन म्हणजे भारीच, चार जीबी म्हणजे पुष्कळच, असं वाटलं. गेम अडखळायचे, तेव्हा दुकानदार म्हणायचा, इंटरनेट बदला. सात महिन्यांनी एका संध्याकाळी आतून जळका वास आला आणि मशीन बसलं. नेऊन दाखवलं तर म्हणाला, ‘तुमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होत असेल.’ त्याने झाकण उघडूनसुद्धा बघितलं नाही.

मग दुसरं दुकान, काचेचं, एसी असलेलं. तिथल्या माणसाने बजेट विचारलं. मी आकडा सांगितला. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘एवढ्यात गेमिंग होत नाही, मॅडम. सत्तर तरी लागतील. नाहीतर ऑफिसवाला घेऊन जा.’ मुलगा मागच्या मागे दाराबाहेर गेला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. आजही त्या दुकानासमोरून जाताना मी रस्ता ओलांडते.

तुम्ही बजेट शेवटी विचारलंत. आधी मुलाला स्टूल दिलंत आणि त्यालाच विचारलंत, ‘काय खेळतोस?’ तो म्हणाला, व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह. ‘आणि काय खेळायचंय?’ तेव्हा तो जरा थांबून म्हणाला, सायबरपंक. मग तुमचा पुढचा प्रश्न, ‘घरी मॉनिटर कुठला आहे?’ आमच्याकडे भावाने दिलेला जुना चौकोनी मॉनिटर होता. तोवर कुणी हे विचारलंच नव्हतं. मुलाने व्हिडिओ बघून बनवलेल्या यादीतही मॉनिटर धरलेला नव्हता.

पिशवीतला सीपीयू तुम्ही काउंटरवरच उघडलात. प्रोसेसर 2011 सालचा निघाला. ग्राफिक्स कार्ड जीटी 730 होतं. चार जीबी खरेच होते, पण कार्ड इतकं अशक्त की त्या चार जीबीचा काही उपयोग नाही. हे सांगताना तुम्ही पहिल्या दुकानदाराला नावं ठेवली नाहीत आणि ‘फसवलं हो तुम्हाला’ असं हळहळून मला खाली मान घालायला लावली नाही. कॅबिनेटबरोबर फुकटात आलेला हलका एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, दाखवलात, जळालाय तो हा, आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला, एवढंच. मग आतून हार्ड डिस्क सोडवलीत, तपासलीत आणि म्हणालात, ‘ही चांगली आहे, ताई. ही वापरू.’ माझ्या 24 हजारांतलं काहीतरी जिवंत आहे, हे ऐकून मला तिथेच रडू आलं होतं. तुम्ही पाण्याची बाटली पुढे सरकवलीत आणि मुलाशी बोलत राहिलात.

मुलाच्या यादीत वापरलेलं एक कार्ड होतं, तिथल्याच कुणीतरी स्वस्तात देऊ केलेलं. त्यावर तुम्ही काट मारलीत. 2022 मध्ये इथेरियम नावाच्या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे अशा कार्डांवर ते चलन कमावणं, बंद झाल्यावर रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात खूप आली, हे काय चालून आलंय ते सांगता येणार नाही, आणि तुम्हाला एकदा फटका बसलाय, असं म्हणालात. चमचमत्या कॅबिनेटवर काट. तीन जादा पंख्यांवर काट. मुलाचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी तुम्ही पेन ठेवलंत आणि त्याला म्हणालात, ‘मित्रा, कार्ड आत्ता घ्यायचंच नाही. पण ज्या दिवशी घेशील त्या दिवशी दुसरं काहीही बदलावं लागणार नाही, असं बनवू.’

रायझन 5600जी प्रोसेसर दिलात, ज्याच्या पोटातच कामापुरतं ग्राफिक्स असतं. सोळाची एक रॅम न देता आठच्या दोन दिल्यात. ते ग्राफिक्स रॅममधूनच काम भागवतं, त्याला एका दारापेक्षा दोन दारं बरी, असं तुम्ही समजावलंत, आणि ते मला माझ्या शिलाईइतकं स्पष्ट कळलं. 24 इंची मॉनिटर, बी450 चा मदरबोर्ड, 500 जीबीची एसएसडी, साधं जाळीचं कॅबिनेट. आणि 550 वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस, जो त्या दिवशी आमच्या गरजेपेक्षा बराच मोठा होता. जीएसटी धरून 38 हजार 350. उरलेले पैसे माझ्याकडे परत सरकवत म्हणालात, ‘हे वेगळ्या डब्यात ठेवा. कार्डाची सुरुवात झाली.’

पगारी माणूस तुम्ही. 42 हजारांचं बिल फाडलं असतंत तर मालक खूश झाला असता आणि मला कधी कळलंही नसतं.

त्या डब्यात मी ब्लाउजमागे वीस-तीस रुपये टाकत गेले. या दिवाळीत आरएक्स 6600 कार्ड घेतलं, नवं, 21 हजारांचं. मुलाने स्वतःच बसवायचं ठरवलं. मी बॅटरी धरून उभी. त्याने मागची बाजू उघडली आणि थांबला. वायरींच्या मागे एक जाड वायर व्यवस्थित घडी घालून, पट्टीने बांधून ठेवली होती. तिच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, ‘कार्डसाठी. घाई करू नको, नीट बसव.’

ही आठ पिनांची वायर. एरवी ती कुठेतरी कोंबून दिली असतीत तरी चाललं असतं. आम्ही ती कधी उघडून बघणार, बघणार की नाही, तुम्हाला काय ठाऊक? कार्डाचे पैसे आमच्याकडे कधी जमतीलच, याची तरी काय खात्री? पण तुम्ही जमतील असं धरून चाललात. दोन वर्षं ती चिट्ठी आमच्या घरात, माझ्या मशीनच्या शेजारी, त्या अंधारात होती आणि आम्हाला माहीत नव्हतं. मुलगा ते वाचून नुसता बसून राहिला. मग त्याने खरंच घाई केली नाही. पाऊण तास लावला. 132 वॅटचं कार्ड तुमच्या त्या एसएमपीएसने सहज पेललं. सायबरपंक सुरू झाला तेव्हा त्याने मला हाक मारून पावसात भिजलेला रस्ता दाखवला. मला त्यातलं फार कळत नाही. रस्ता मात्र सुंदर होता.

आमच्या धंद्यात एक गोष्ट असते, दादा. वाढत्या अंगाच्या मुलीचा ब्लाउज शिवताना आत शिवणीपाशी बोटभर जादा कापड ठेवायचं. पुढे अंग भरलं की शिवण उसवून तो ब्लाउज मोठा करता येतो, नवा शिवावा लागत नाही. बाहेरून ते दिसत नाही. गिऱ्हाईक त्याचे पैसेही देत नाही. कापड वाचवायचं असेल तर तेच पहिलं कापलं जातं. त्या जादा कापडाला आम्ही माया म्हणतो. माझ्या आईने मला मशीनवर बसवलं तेव्हा पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, की माया ठेवायला विसरू नकोस. तुमची ती बांधलेली वायर बघितली आणि मला आईचा हात आठवला.

थोड्या पैशांत काही घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात फार लवकर कळतं की आपण नकोसे आहोत. आमचे 42 हजार त्या काचेच्या दुकानात कमी होते. तुमच्या काउंटरवर ते खूप होते. तुम्ही ते मोजताना दोन्ही हातांनी धरले होते, हे माझ्या लक्षात आहे. अशी माणसं धंद्यात आहेत म्हणून आमच्यासारखे लोक लोकलचे धक्के खात इतक्या लांब येतात.

मुलगा आता बारावी झाला. गल्लीतल्या दोन पोरांना त्याने मशीन जोडून दिलं आहे, पैसे न घेता. परवा बघितलं, तर वायरीला चिकटपट्टी लावत होता.

तुमची चिकटपट्टी आम्ही काढलेली नाही. वायर जोडली, तरी ती तिथेच आहे.

तुमच्या घरी आई, बायको, बहीण, कुणी असेल तर त्यांच्या मापाचा एक जुना ब्लाउज पाठवा. बदलापूर पश्चिमेला स्टेशनजवळ कुणालाही ब्लाउजवाल्या ताई विचारलंत तरी सांगतील. कापड माझं, शिलाई माझी. माया ठेवून शिवेन.

तुमची,
बदलापूरची ताई