'प्रोटीन दुप्पट' म्हणजे कशाच्या दुप्पट?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पुरवणीत रक्तातल्या प्रोटीनवरून आजार ओळखायच्या संशोधनाची बातमी वाचली, विषय मस्तच, पण 'अमुक प्रोटीन पेशंटमध्ये दुप्पट सापडलं' एवढं लिहून बातमी संपवली. कशाच्या दुप्पट, मोजलं कसं, काहीच नाही. मी याच लाइनमधला, म्हणून राहवलं नाही.

मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन करणारं मशीन, वजन एकदम अचूक सांगतो हो, पण माल किती आहे हे सरळ सांगत नाही. आज एक सॅम्पल टाकलं न उद्या दुसरं, तर सिग्नल कमीजास्त होणारच, मग तो फरक आजाराचा की मशीनचा हे कळायचं कसं? म्हणून ट्रिप्सिन या एन्झाइमने प्रोटीनचे तुकडे करायचे, प्रत्येक सॅम्पलला वेगळा केमिकल टॅग लावायचा, धोबी कपड्यांवर खुणा करतो ना तसा, आणि मग सगळं एकत्र करून एकदमच मशीनमध्ये सोडायचं. 1999 मध्ये आयकॅट नावाचा टॅग आला तो फक्त सिस्टीन या अमिनो आम्लाला (प्रोटीनच्या साखळीतला एक मणी) चिकटायचा, नंतरचे आयट्रॅक न टीएमटी हे टॅग लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या आणि तुकड्याच्या टोकाच्या अमाइनला (नायट्रोजनवाल्या गटाला) चिकटतात. टीएमटीची खरी गंमत म्हणजे एका सेटमधल्या सगळ्या टॅगचं एकूण वजन सारखंच, फक्त जड कार्बन-नायट्रोजन वेगवेगळ्या जागी बसवलेले, त्यामुळे मशीनच्या आत तुकडा फोडला की मगच 126, 127 असे 131 पर्यंत वजनाचे छोटे आयन (विद्युतभारित कण) सुटतात (हा सहाचा सेट, अठराचाही मिळतो) आणि त्यांच्या सिग्नलच्या उंचीवरून कुठल्या सॅम्पलचा वाटा किती ते कळतं. म्हणजे आकडा कायम तुलनेचा, मिलिग्रॅमचा नाही!

आणि त्यातही गोची आहे. जवळपास त्याच वजनाचे दुसरे तुकडे सोबत आत घुसतात, त्यांनाही तेच टॅग असतात आणि ते बहुतेक सगळ्या सॅम्पलमध्ये सारखेच असतात, त्यामुळे फरक दाबला जातो, खरा चौपट असेल तर अडीचपट दिसू शकतो. एमएस3 करून, म्हणजे तुकडे मशीनमध्ये आणखी एकदा फोडून, हे बरंच कमी होतं पण वेळ जातो आणि मशीन तसं लागतं. शिवाय टॅग नीट बसला का हाही प्रश्न असतोच, सॅम्पलच्या द्रावणात (बफरमध्ये) ट्रिस नावाचं अमाइनवालं केमिकल राहून गेलं तर टॅग ट्रिसलाच जाऊन चिकटतो आणि एवढं महागडं रिएजंट पाण्यात. तीनच सॅम्पल असतील तर फॉर्मल्डिहाइडवालं डायमिथाइल लेबलिंग, म्हणजे टॅग लावायची दुसरी पद्धत, स्वस्तात होतं, आपल्याकडे ते जास्त वापरायला हवं असं माझं मत, पण तो वेगळा विषय.

वार्ताहरांनी सगळी केमिस्ट्री छापावी असं म्हणत नाही, कोण वाचणार! पण संशोधकांना एवढं तरी विचारा की पेशंट एका बॅचला न निरोगी माणसं दुसऱ्या बॅचला असं तर नाही ना केलं, आणि तेच प्रोटीन नंतर एलायझासारख्या (अँटिबॉडी वापरून प्रोटीन मोजायची चाचणी) दुसऱ्या पद्धतीने तपासलं का. त्या बातमीतल्या अभ्यासात पेशंट किती होते तेवढं तरी पुढच्या पुरवणीत छापा.

आपला,
एक वाचक, पुणे