किल्लीवर ‘न’ कोरणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे यायला नको, अशी तुमची सक्त ताकीद आहे, म्हणून नुसतं ‘काका’ लिहिते. पण पत्र मात्र चारचौघांतच लिहिणार. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही लगेच पुण्याच्या पावसावर येता. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. मी शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहते आणि जुन्या अमेरिकन रेडिओ मालिकांचे डिकोडर जमवते. डिकोडर म्हणजे गुप्त निरोप वाचायचं मुलांचं खेळणं. एकीकडे अक्षरं, दुसरीकडे आकडे. ठरलेल्या खुणेवर दोन्ही जुळवली की प्रत्येक आकड्याला एक अक्षर मिळतं. आपल्याकडे जसं बोर्नव्हिटा, तसं इथे त्या काळी ओव्हल्टीन. या ओव्हल्टीनवाल्यांच्या पैशावर ‘लिटल ऑर्फन अॅनी’ ही मालिका चालायची आणि १९३५ ते १९४० दर वर्षी तिचा नव्या घडणीचा डिकोडर निघायचा. १९४० साली त्यांनी अॅनीला सोडलं आणि ‘कॅप्टन मिडनाइट’ या वैमानिकाची मालिका धरली. त्याच्या डिकोडरला नाव दिलं ‘कोड-ओ-ग्राफ’. पहिला आला १९४१ मध्ये, शेवटचा १९४९ मध्ये. हे दुकानात विकत मिळत नसत. डब्याच्या झाकणाखालचं सील पाकिटात घालून पाठवायचं, कधी सोबत दहा सेंटचं नाणं, आणि मग पोस्टमनची वाट बघायची. कार्यक्रमाच्या शेवटी निवेदक आकडे वाचून दाखवायचा आणि घरोघरची पोरं पेन्सिल घेऊन ते उतरवून घ्यायची. निरोप बहुतेक वेळा उद्याच्या भागात काय होणार एवढाच असायचा. पण तो मोठ्यांना कळत नाही आणि आपल्याला कळतो, यात त्या मुलांना केवढा आनंद असेल!

मला यातली आवडते ती त्याची बुद्धी. डिकोडर देशभरातल्या मुलांकडे सारखाच. कोणीही उघडून बघावा, त्यात लपवलेलं काही नाही. गुपित असतं ते फक्त त्या दिवसाच्या जुळणीत. आज मोठमोठ्या बँका ज्या तत्त्वावर आपले पैसे सांभाळतात ते हेच, आणि ते आठ वर्षांच्या पोराच्या खिशात मावत होतं.

आणि प्रत्येक वर्षाची तऱ्हा वेगळी. १९४२ च्या कोड-ओ-ग्राफवर फोटोची चौकट आहे. कॅप्टनचा फोटो काढून मुलांनी तिथे आपापले फोटो लावले, त्यामुळे मूळ फोटोसकट मिळालेला नग आज महाग. माझ्याकडच्या चौकटीत पुढचे दात पडलेला एक मुलगा हसतोय. जाणकारांच्या लेखी त्याची किंमत कमी होते, माझ्या लेखी वाढते. पुढे युद्धामुळे धातू मिळेना, म्हणून १९४३ आणि १९४४ ला नवा नमुनाच निघाला नाही. १९४५ च्या नमुन्यात भिंग आलं, १९४७ चा तर चक्क शिट्टीत बसवलेला आहे. आणि १९४९ चा ‘की-ओ-मॅटिक’. त्याच्यात जुळणी बदलायची तर एक एवढीशी वेगळी किल्ली लागते. किल्ली घातल्याशिवाय चक्रं एकमेकांपासून सुटत नाहीत. आता ही किल्ली मुलांच्या हातात! विजारीच्या खिशातून, पलंगाखाली, अंगणात, कुठे कुठे पडली असेल. म्हणून आज की-ओ-मॅटिक मिळतो, किल्ली मिळत नाही.

माझ्याकडचाही तसाच होता. एकाच जुळणीवर अडकलेला, मुका. त्यासाठी मी कुठे कुठे गेले ते सगळं सांगत बसत नाही. पण दोन माणसांबद्दल लिहिल्याशिवाय तुमच्याबद्दल लिहिता येणार नाही.

पहिला जुन्या वस्तूंच्या बाजारातला एक विक्रेता. त्याच्याकडे ‘अस्सल १९४९ ची’ किल्ली होती. भाव ऐकून मी थबकले, तर त्याने माझ्याच हातातला डिकोडर घेतला, ‘बसते की नाही बघा’ म्हणत किल्ली खाचेत दाबली आणि बसत नाही म्हटल्यावर आणखी जोराने दाबली. खाचेची कड उचकटली. किल्ली कालपरवा कापलेली होती, कडा अजून हाताला लागत होत्या. ‘जुनी वस्तू आहे, असं होतंच,’ म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माफी नाही, काही नाही.

दुसरा मोठा संग्राहक, या विषयातला जाणता. त्याने डिकोडर दोन बोटांत धरून पाहिला आणि सुट्या भागांसाठी विकून टाका असा सल्ला दिला. तेवढं चाललं असतं. पण पुढे म्हणाला, तुमचं लहानपण तर या देशातलं नाही, तुम्हाला यातलं काय कळणार? मी हसून वेळ मारून नेली. गाडीत बसल्यावर मात्र डोळे भरून आले. आवड असायला त्याच मातीत जन्मावं लागतं, हे याला कोणी सांगितलं?

गणपतीच्या जेवणात तुमच्या मुलीने सहज तुमची ओळख करून दिली, ‘बाबा टूलरूमला होते, आता इथे करमत नाही त्यांना.’ (टूलरूम म्हणजे कारखान्यातला डाय, म्हणजे पत्र्याला आकार द्यायचे साचे, आणि हत्यारं घडवायचा विभाग.) मी काय काय जमवते ते सांगितलं. तुम्ही वरण-भाताचं ताट बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, ‘आणा की, बघू.’ एवढंच. हे कशाला जमवता, किती पैसे घातले, याचं काय मिळणार, यातलं काहीही नाही. तुम्ही ते आजपर्यंत विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही वर्तमानपत्र पसरलंत, डोळ्याला भिंग लावलंत आणि बराच वेळ नुसतं बघत बसलात. काकूंनी चहा आणला, तो निवून गेला. मला वाटलं, आता हेही म्हणणार, सोडून द्या. तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘ज्याने हिची डाय केली ना, त्याचा हात चांगला होता.’

काका, हे वाक्य मी कितीदा आठवलं असेल! संग्राहक मंडळी भाव बोलतात, दुर्मिळपणा बोलतात, खोक्यासकट आहे का विचारतात. या खेळण्याच्या मागे एक कारागीर होता, कुठल्यातरी कारखान्यात त्याने पत्र्याच्या या एवढ्याशा वळणासाठी डाय घासली होती, हे माझ्यासमोर पहिल्यांदा कोणी बोललं असेल तर ते तुम्ही. त्या माणसाचं नाव कुठे नोंदलेलं नाही. चिंचवडच्या टूलरूममध्ये हयात काढलेल्या माणसाने त्याला दाद दिली, तीही त्याचं काम हातात घेऊन. कॅप्टन मिडनाइटच्या ‘सीक्रेट स्क्वाड्रन’ (एसएस) या पथकात प्रत्येकाला क्रमांक असायचा. कॅप्टन स्वतः एसएस-१, आणि मेकॅनिक इकाबॉड मड एसएस-४. त्या पथकात तुम्हाला पाचवा क्रमांक द्यायला माझी काही हरकत नाही.

मग तुम्ही ती उचकटलेली कड आधी बसवलीत. ‘दुखावलंय ते आधी, मग नवीन,’ म्हणालात. पितळेची पट्टी, बारीक कानस, पुण्याहून सामानात बरोबर आणलेला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन. (मुलीकडे सुट्टीला येताना व्हर्नियर आणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.) थोडं घासायचं, लावून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. जोर म्हणून नाही. त्या विक्रेत्याने काही क्षणांत जिथे ताकद लावली, तिथे तुम्ही दिवसचे दिवस धीर लावलात. आणि एका दुपारी किल्ली आत गेली, चक्रं सुटली, तुम्ही दुसऱ्या अक्षरावर जुळवून माझ्या हातात दिलंत. मला बोलता येईना. काकू म्हणाल्या, ‘अहो, रडताय काय, फिरवून बघा ना!’

पण ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते अजून पुढेच आहे.

मी किल्ली पिशवीत ठेवणार तेवढ्यात तुम्ही ती परत मागितलीत. भिंग पुन्हा डोळ्याला लावलंत आणि किल्लीच्या पाठीवर, टोकदार हत्याराने, एक अक्षर कोरलंत. ‘न’. मी विचारलं, हे काय? ‘नक्कल,’ तुम्ही म्हणालात. ‘उद्या तुम्ही नसाल, मी नसेन. कोणीतरी ही जुनी म्हणून विकेल. कागदावर लिहून ठेवलं तर कागद हरवतो. खरं नाही ते वस्तूवरच लिहिलेलं असू दे.’

मी या छंदात इतकी वर्षं आहे. नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून तिला चहात बुडवणारे, ओरखडे पाडणारे, काळं फासणारे लोक मी पाहिले आहेत. आपलं काम उत्तम जमलेलं असताना, कोणालाही कळणार नाही अशी खात्री असताना, त्याच्यावर स्वतःहून ‘ही नक्कल आहे’ असं कोरणारा माणूस मात्र पाहिला नव्हता. तुमची किल्ली अस्सल म्हणून सहज खपली असती. उलट फसवायला निघालेल्या त्या विक्रेत्याची किल्ली बसतसुद्धा नव्हती! ज्याला काम येतं त्याला लबाडी करावी लागत नाही, असं माझे आजोबा म्हणायचे. ते सुतार होते. त्यांना तुम्ही फार आवडला असता.

आणि हे तुम्ही कोणासाठी केलंत? माझ्यासाठी तर नाहीच. मला ठाऊकच होतं किल्ली नवी आहे. तुम्ही ते केलंत पुढच्या कोणातरी अनोळखी माणसासाठी, जो कदाचित अजून जन्मलाही नसेल. अशी सचोटी कोणी बघायला नसताना पाळायची असते, हे शाळेत सगळेच शिकतात. समोर घडताना फार थोड्यांना दिसतं. मला दिसलं, आणि माझ्या मुलीलाही दिसलं. ती तेव्हा शेजारी बसून बिस्किट खात होती. परवा तिने शाळेच्या प्रकल्पासाठी एका पुस्तकातलं चित्र बघून विमान काढलं आणि खाली कोपऱ्यात बारीक ‘न’ लिहिला. बाईंना काहीच कळलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, ‘आजोबांनी लिहिलं होतं तसं. चित्र बघून काढलंय ना.’

पैशांचं तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. बदल्यात मागितलंत काय, तर ओव्हल्टीनचे ते डबे जिथे भरले जायचे तो कारखाना बघायचा. शिकागोजवळच्या व्हिला पार्कमधली ती विटांची इमारत १९१७ सालची, १९८८ ला कारखाना बंद पडला आणि आता तिथे लोक राहतात. मला वाटलं, तुमचा हिरमोड होईल. तुम्ही मात्र रस्त्याच्या या बाजूला उभे राहून खिडक्या बघत होतात. ‘शिफ्ट सुटली की इथून केवढी माणसं बाहेर पडत असतील,’ म्हणालात. मग काकूंना हाक मारून दाखवलंत, बघ, दरवाजे किती रुंद ठेवलेत. तिथून जाणारे-येणारे आपल्याकडे वळून बघत होते. मला त्या वेळी तुमचा फार अभिमान वाटत होता.

आता कामाचं. माझ्या संग्रहाची वही मी नव्याने लिहून काढली आहे. १९४९ च्या ओळीत असं आहे: ‘की-ओ-मॅटिक, मूळ. खाचेची कड दुरुस्त केलेली. किल्ली नवी, पितळी, पुण्याच्या एका टूलमेकरने हाताने केलेली, पाठीवर खूण.’ यात काही चुकलं असेल तर कळवा. किल्लीची मापं तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला लिहिली होतीत, तो तुकडा मी जपून ठेवला आहे. तुमची परवानगी असेल तर ज्यांचे डिकोडर असेच मुके पडलेत त्यांना ती मापं द्यावीत असा विचार आहे, एकाच अटीवर, की किल्ली करणाऱ्याने तिच्यावर नक्कल असल्याची खूण करायची. त्यांच्या भाषेतलं अक्षर चालेल का, की ‘न’च हवा, तेही सांगा.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? त्यांनी शिकवलेलं मेतकूट इथल्या डाळींत जमतंय, फक्त रंग जरा फिका येतो. मुलीची काळजी करू नका. मी दर आठवड्याला चक्कर मारते, आणि रात्री-अपरात्री काही लागलं तरी हक्काने फोन कर असं तिला सांगून ठेवलं आहे.

तुमची ऋणी,
डिकोडरवाली