शिष्यवृत्तीचा अर्ज सर्वांना भरता यावा म्हणून झटलेल्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

विश्वस्त मंडळाच्या गेल्या बैठकीत आपल्या आभाराचा ठराव एकमताने संमत झाला आणि इतिवृत्तात त्याची रीतसर नोंदही झाली. परंतु इतिवृत्त विश्वस्तांखेरीज सहसा कोणी वाचत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. नाव छापू नये ही आपली अट पाळली आहे. आपण स्वतः दृष्टिहीन आहात आणि संकेतस्थळांची सुगम्यता, म्हणजे ती अपंगांसह सर्वांना वापरता येतात का, हे तपासणे हा आपला व्यवसाय आहे, एवढे सांगण्याची मुभा आपण दिलीत, तेवढी पुरेशी आहे.

आमची संस्था ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. अर्ज ऑनलाइन घेऊ लागल्यापासून अपंग विद्यार्थ्यांचे अर्ज रोडावले होते आणि असे विद्यार्थीच कमी असावेत, असा कार्यालयात समज होता. आपण आपल्या मोबाइलवर टॉकबॅक ही पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय सुरू करून आमचा अर्ज सर्वांदेखत उघडलात, तेव्हा तो समज जागीच संपला. नावाच्या चौकटीवर मोबाइल म्हणाला, 'एडिट बॉक्स'. पत्त्यावर म्हणाला, 'एडिट बॉक्स'. पालकांच्या वार्षिक उत्पन्नावरही तेच. डोळस माणसाला प्रत्येक चौकटीशेजारी तिचे नाव दिसत होते, पण कोडमध्ये ते नाव त्या चौकटीला जोडलेलेच नव्हते. जन्मतारखेसाठी माऊसवाचून न चालणारे कॅलेंडर होते, आणि काही चुकले तर पानाच्या माथ्यावर सूचना झळके, 'कृपया लाल चौकटी पुन्हा भरा'. 'लाल म्हणजे कोणत्या?' हा आपला प्रश्न अगदी साधा होता. त्याचे उत्तर मात्र खोलीत कोणाकडेच नव्हते.

याच सुमारास एका तयार विजेटचा, म्हणजे संकेतस्थळावर बाहेरून बसवायच्या छोट्या प्रोग्रॅमचा, प्रस्ताव आमच्यापुढे होता. कोडची एक ओळ घालायची, पानाच्या कोपऱ्यात चिन्ह येते आणि संकेतस्थळ सुगम्य झाल्याचे जाहीर करता येते, असा तो विकणाऱ्यांचा दावा होता. वर्षाची वर्गणीही परवडणारी होती. आपण तो स्पष्ट शब्दांत नाकारायला लावलात, आणि मला वाटते, आपल्या साऱ्या मदतीत हीच सर्वांत मोठी. अक्षरे मोठी करणे किंवा मजकूर वाचून दाखवणे या सोयी ज्याला हव्यात त्याच्या मोबाइलमध्ये आणि संगणकात आधीच असतात. ज्या चौकटीला नावच नाही, तिचे नाव बाहेरून बसवलेले विजेट फार तर अंदाजाने सांगणार, हे आपण समजावून दिलेत. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने 2025 मध्ये असेच दावे करणाऱ्या एका कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले, ही माहितीही आपणच दिलीत. आमच्या खजिनदारांवर तिचा विशेष परिणाम झाला, हे येथे नमूद करायला हरकत नाही.

त्यानंतरचे काम आपण आमच्याच माणसांकडून करून घेतलेत. कार्यालयातील मुलांना माऊस बाजूला ठेवायला सांगून केवळ टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी संपूर्ण अर्ज भरायला लावलात. आपण कोणत्या चौकटीवर आहोत हेच कळत नाही, अशी तक्रार त्यांनी केली, तेव्हा दिसायला नीटनेटके वाटावे म्हणून चौकटीभोवतीची फोकसची रेघ कोणीतरी काढून टाकल्याचे उघड झाले. ती रेघ परत आली, जन्मतारखेसाठी दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन साध्या चौकटी आल्या आणि चूक झाल्याची सूचना आता त्या त्या चौकटीपाशीच शब्दांत येते. हात स्थिर राहत नसल्यामुळे माऊस वापरू न शकणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने हा अर्ज आधी पूर्ण भरून पाहावा आणि मगच तो खुला करावा, हा आग्रहही आपलाच होता.

मराठीपुरती एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. आमच्या पानांचा साचा बाहेरून घेतलेला असल्याने प्रत्येक पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी अशी नोंदलेली होती. भाषेच्या त्या खुणेच्या जागी 'एमआर' ही मराठीची खूण येताच एनव्हीडीए या संगणकावरील स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, तोच मजकूर मराठी आवाजात वाचायला घेतला. एनव्हीडीए विनामूल्य मिळते, पण पानाची भाषा सांगण्याचे काम पान लिहिणाऱ्यालाच करावे लागते. सूचनांच्या पीडीएफचे दुखणे मात्र जुने होते. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी छापली की सुरेख दिसते, पण स्क्रीन रीडरला तिच्याखालची असंबद्ध रोमन अक्षरे ऐकू येतात. पात्रतेच्या अटी आणि अंतिम तारीख आता पानावरच युनिकोडमध्ये असते.

रंगांचा प्रश्न थोडा नाजूक होता. पांढऱ्यावर फिकट केशरी अक्षरे ही संस्थेची ओळख आहे, असे ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे होते. सर्वसाधारण आकाराच्या मजकुरासाठी आंतरराष्ट्रीय निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान 4.5 : 1 सांगितले आहे, आमचे त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हते. आपण आकडा दाखवलात आणि वाद न घालता तोडगाही सुचवलात : केशरी पट्टी राहू द्यावी, अक्षरे गडद तपकिरी करावीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या आमच्या अध्यक्षांनी बदललेले पान पाहून सर्वांत आधी संमती दिली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 पासून आहे आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात म्हटले आहे. हे सारे आपल्याला मुखोद्गत असूनही आपण कायद्याचा धाक घातला नाहीत. आपले बोलणे अर्जाला आणि तो भरणाऱ्या मुलामुलींना धरूनच राहिले, म्हणून कार्यालयातील माणसे बचावाच्या पवित्र्यात न जाता कामाला लागली.

काही कामे बाकी आहेत. जुने वार्षिक अहवाल अजून केवळ स्कॅन केलेल्या प्रतिमांच्या रूपात आहेत, आणि मार्गदर्शनाच्या चित्रफितींपैकी निम्म्यांनाच मराठी उपशीर्षके (सबटायटल्स) जोडून झाली आहेत. देणगीच्या पानाची तपासणी आपण सांगितलेल्या क्रमाने पुढील महिन्यात सुरू होईल. पैसे भरण्याच्या टप्प्यावर वेळ संपत आल्याची सूचना आधी ऐकू यावी, ही आपली टीप संबंधितांना कळवली आहे.

आपण मानधन नाकारलेत, परंतु प्रवासखर्चाची पावती अद्याप आलेली नाही. ती कृपया पाठवावी, म्हणजे हिशेब पूर्ण करता येईल. नवीन वर्षाचा अर्ज खुला करण्यापूर्वी त्याचा दुवा आपल्याकडे येईलच.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
कार्यवाह, विश्वस्त मंडळाकरिता