ग्लासगोहून मकरंदला

ग्लासगो

प्रिय मक्या,

केल्टिक जगात राजा आर्थर सोडून आहे तरी काय, असं विचारून तू फोन ठेवून दिलास. आता लेस्ली अल्कॉक या पुरातत्त्वज्ञाबद्दल ऐकून घे.

गडी मँचेस्टरचा. युद्धात गुरखा पलटणीत होता, १९५०मध्ये मॉर्टिमर व्हीलर या बड्या पुरातत्त्वज्ञासोबत मोहेंजोदडोच्या उत्खननावर. म्हणजे आपल्याच घराण्यातला म्हण. डेक्कन कॉलेजचे सांकलियाही इंग्लंडातल्या मेडन कॅसलच्या उत्खननात व्हीलरच्याच हाताखाली शिकले ना! पुढे वेल्समधल्या दिनास पॉविसच्या छोट्या गढीत त्याला भूमध्य समुद्राकडून आलेल्या रांजणांची खापरं मिळाली. ब्रिटनमधून रोमन गेले आणि सगळं बुडालं, म्हणणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली.

मग १९६६ ते ७० इंग्लंडातल्या कॅडबरीच्या टेकडीवर उत्खनन. त्या टेकडीला जॉन लेलँड या जुन्या अभ्यासकाने १५४२मध्येच कॅमेलॉट, म्हणजे दंतकथेतली आर्थरची राजधानी, म्हणून ठेवलेलं, त्यामुळे पेपरवाले तुटून पडले. जुन्या तटावर पुन्हा चढवलेला सुमारे ११०० मीटरचा दगड-लाकडाचा तट निघाला, माथ्यावर मोठं लाकडी दालन निघालं. आर्थर काही निघाला नाही. १९७१च्या पुस्तकात अल्कॉकने तो खरा होऊन गेल्याचं मांडलं होतं. बखरींवरच्या त्या भरवशावर इतिहासकारांनी कोरडे ओढले, तेव्हा हट्टाला न पेटता त्याने माघार घेतली. मला तो तिथून पुढे आवडायला लागतो.

१९७३ला तो इथे प्राध्यापक झाला. आता पद्धत साधी: जुन्या नोंदींत ज्या गडांची नावं येतात तिथे जायचं, विद्यार्थ्यांची लहान तुकडी, मोजके चर, बस्स. परवा डम्बार्टन बघून आलो. क्लाईडकाठी दुहेरी माथ्याचा ज्वालामुखी कातळ. घाटावरच्या माणसाला एकदम ओळखीचा वाटतो. अल्स्टरच्या बखरीप्रमाणे ८७०मध्ये व्हायकिंगांनी चार महिने वेढा घालून हा गड घेतला. अल्कॉकच्या चरात पूर्वेच्या अंगाला माती-लाकडाचा तट सापडला, जळालेला! स्कॉटलंडातल्याच डंडर्न गडाच्या ओल्या थरात तर चक्क नक्षी काढलेला चामडी जोडा टिकून होता. कॅमेलॉटपेक्षा हा जोडा मला मोठा वाटतो, तू काहीही म्हण.

शिवाय खणलेलं त्याने लिहूनही काढलं. कॅडबरीच्या मध्ययुगीन थरांचा अहवाल निवृत्तीनंतर, १९९५ला. आणि मोहेंजोदडोच्या त्या १९५०च्या खापरांवरचं लिखाण १९८६ला, डेल्स आणि केनॉयर यांच्या ग्रंथात. छत्तीस वर्षांनी! तुझ्या कपाटामागच्या खापरांच्या गोण्यांना अजून मुदत आहे, असा अर्थ मात्र काढू नकोस.

डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात तो ग्रंथ मिळतो का बघ, आणि अल्कॉकच्या भागाचे फोटो काढून पाठव. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तुझा,
श्री