बॉल तिथेच असतो

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘गोल्फ कसा चाललाय?’ मी नुसतं ‘बरा’ म्हणालो. पण गेले तीन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर तू माझ्याबरोबर चालला होतास, आठवतंय? एक फटका फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या मधोमध, पुढचा उजवीकडे झाडांत. सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे धातूच्या चपट्या तोंडाच्या काठीने, कधी एकशे चाळीस यार्ड, कधी जेमतेम ऐंशी. तो चांगला फटका पुन्हा कसा येईल, याच्याच मागे मी वर्षभर होतो. टोकियो ऑलिम्पिकला खेळलेल्या आपल्या उदयन मानेचे व्हिडिओ पाहायचो, दर आठवड्याला स्विंगमध्ये, म्हणजे काठी फिरवण्यात, काहीतरी बदलायचो. काही टिकायचं नाही.

शेवटी रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या मैदानावरच्या कोचना विचारलं. पूर्वी ते कॅडी होते, खेळाडूंच्या काठ्या वाहायचे. वीसेक बॉल बघून म्हणाले, “साहेब, बॉल तर जिथल्या तिथे आहे. तुम्हीच दर वेळी वेगळे उभे राहता.”

मग त्यांनी क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या तोंडावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि दहा बॉल मारायला लावले. प्रत्येक फटक्याची खूण पावडरीत उमटत गेली. एक दांड्याजवळ, एक पार टोकाला, मधोमध फक्त दोन. तो क्लब मी हातात धरून बराच वेळ बघत राहिलो. स्विंग बिघडायच्या आधीच माझं बॉलपासूनचं अंतर बिघडत होतं.

स्लाइसचंही तेच. बॉल उजवीकडे वळतो म्हणून मी डावीकडे तोंड करून उभा राहायचो. पण बॉल निघतो साधारण क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे, आणि वळतो तो तोंड आणि क्लबची फिरण्याची वाट यांच्यातल्या फरकामुळे. मी जितका डावीकडे वळायचो, तितका क्लब बॉलवरून आडवा जायचा आणि स्लाइस वाढायचा. हे कळल्यावर मला फार हलकं वाटलं. इतके दिवस मी औषध म्हणून रोगच वाढवत होतो.

आता क्रम ठरलाय: आधी ग्रिप (काठीची पकड), मग क्लबचं तोंड लक्ष्याकडे, पाय सगळ्यात शेवटी. गवतावर चुन्याची रेघ मारून तिच्यावर बॉल ठेवतो. आयर्नने फटका नीट बसला की माती रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला उडते. रेघेच्या मागे उडाली तर क्लब आधीच जमिनीला लागला. पूर्वी दहातले तीन-चार नीट जायचे, आता सहा-सात.

लयीचं मात्र तुला आवडेल. क्लब मागे न्यायला जेवढा वेळ, त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात तो खाली बॉलपर्यंत यावा, असं म्हणतात. आकडे मोजत बसलो की माझे खांदे आखडायचे. आषाढी वारीची पालखी बघायला रस्त्यावर उभा होतो, टाळ चालू होते, आणि एकदम सुचलं. तेव्हापासून ‘ज्ञा-नो-बा’ म्हणत क्लब मागे नेतो आणि ‘तु’ला बॉल. ‘काराम’ म्हणेपर्यंत बॉल हवेत असतो. मनातल्या मनात म्हणतो, पण भक्तीनेच म्हणतो.

ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, अजून हातात येत नाही. दांडा लांब, त्यामुळे जरा चूक झाली की मोठी होते. कोच म्हणतात दिवाळीपर्यंत त्याला हात लावू नका, आणि मी ऐकतोय. संध्याकाळी गच्चीवर काखेत टॉवेल धरून अर्धेच स्विंग करतो. टॉवेल पडला की हात अंगापासून सुटले, हे लगेच कळतं.

वहीत रोजच्या पन्नास बॉलची नोंद ठेवलीय, त्यातले बरेवाईट किती ते. तू आलास की दाखवीन. पुढच्या महिन्यात येतोयस ना? सकाळी साडेसहाला रेंजवर जाऊ. तू मागे उभा राहा आणि मी प्रत्येक वेळी तसाच उभा राहतोय का, तेवढं बघ. क्रिकेटमध्ये माझा पाय हलला की तुलाच आधी दिसायचं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र